वरच्या मजल्याच्या सळ्या

चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागलं, की भूगाव, पिरंगुट, घोटवडे फाटा असं जाताना दोन्ही बाजूंच्या घरांच्या गच्च्यांकडे जरा बघा. कितीतरी घरांवर कॉलमच्या सळ्या तशाच वर आलेल्या दिसतील. कुणी त्यांच्यावर प्लास्टिकच्या बाटल्या उलट्या घातल्यात, कुणी त्यांनाच दोरी बांधून कपडे वाळत टाकलेत. पुढेमागे वरचा मजला चढवायचा म्हणून सोडलेल्या सळ्या. काही घरांवर तो मजला खरंच चढतो, पोराचं लग्न त्याच मजल्यावर होतं. काही घरांवर सळ्या गंजत राहतात. आणि आमच्याकडचा पाऊस असा, की लोखंडाला गंजायला फार वर्षं लागत नाहीत.

विषय बांधकामाचा नाही, कंप्युटरचा आहे. पण 'अपग्रेडेबल' या शब्दाचं मराठी मला विचाराल तर ते हेच. वरच्या मजल्याच्या सळ्या. आज पैसे नाहीत, उद्या होतील, तेव्हा पाडापाडी न करता चढवता यावं म्हणून आजच थोडं लोखंड जास्त घालून ठेवायचं. कल्पना उत्तमच आहे. प्रश्न एवढाच, की ते लोखंड फुकट मिळत नाही आणि चाळीस हजारांत सगळं बसवायचं असलं तर कुठल्या कॉलमवर सोडायचं हे ठरवावं लागतं.

हे आठवायचं कारण, आमच्या पलीकडच्या आळीतल्या एका काकांची मुलगी मेकॅनिकलचा डिप्लोमा करते आहे, दुसरं वर्ष. कॉलेजच्या लॅबमध्ये कॅड शिकवतात, पण लॅब संपली की बस पकडायची असते, त्यामुळे सराव काही होत नाही. काकांनी भिशी उचलली, चाळीस हजार. पुण्यातल्या एका दुकानातून कोटेशन आणलं आणि ते घेऊन माझ्याकडे आले. "तुम्ही बघा दादा, दुकानदार म्हणतो आय सेव्हन आहे, पुढं पायजे ते वाढवता येईल."

कोटेशनवर होतं : आय सेव्हन प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५०० वॅटचा एसएमपीएस (कंपनीचं नाव नाही), काचेचं कॅबिनेट, त्यात रंगीत दिव्यांचे चार पंखे. शिवाय फोर-जी-फाइव्ह-जी असलं काहीतरी, ज्याचा या सगळ्याशी काही संबंध नव्हता. :)

आता तुम्ही म्हणाल, आय सेव्हन म्हणजे चांगलाच की. तर मंडळी, आय सेव्हन हे आडनाव आहे. आडनावावरून वय कळत नाही. त्या कोटेशनमधला प्रोसेसर तिसऱ्या पिढीचा होता, आय सेव्हन ३७७०, म्हणजे २०१२ सालचा. त्याला चार कोअर आणि आठ थ्रेड. २०२२ साली आलेल्या आय थ्री १२१०० लासुद्धा चार कोअर आणि आठच थ्रेड आहेत, पण दोघांमध्ये दहा वर्षांचं अंतर आहे आणि हा धाकटा 'थ्री' त्या थोरल्या 'सेव्हन'ला अगदी सहज मागे टाकतो. कॅडसारख्या कामात तर जास्तच, कारण तिथे बराचसा भार एकाच कोअरवर पडतो. शिवाय त्या जुन्या प्रोसेसरला लागणारा एच ६१ जातीचा बोर्ड आजही नवा कोरा, खोक्यात, वॉरंटीसकट मिळतो. गिऱ्हाइकाला खोकं दिसतं आणि वाटतं मशिन नवीन आहे. त्या बोर्डावर डीडीआर-३ रॅम लागते, विंडोज ११ ला तो प्रोसेसर अधिकृतपणे चालत नाही आणि आय सेव्हन ३७७० म्हणजे त्या सॉकेटचा जवळजवळ शेवटचाच मजला. त्यावर चढवायला काही उरलेलंच नाही. तरीही दुकानदार म्हणतो, पुढं पायजे ते वाढवा!

मला राग आला तो याचा. जुना माल विकण्याचा नव्हे. जुना माल जुना म्हणून विकावा, त्यात काही गैर नाही, मी स्वतः जुन्या मालाचा चाहता आहे. पण ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच 'पुढे वाढवता येईल' हा शब्द सर्वात जास्त विकला जातो. ज्याच्याकडे पैसा आहे तो पुढे वाढवत बसत नाही, तो नवीन घेतो.

मुळात डेस्कटॉप वाढवता येतो तो कुणा एका कंपनीच्या मेहेरबानीने नाही. १९८१ साली आयबीएमने आपला पीसी बाजारात आणला तेव्हा तो खुला ठेवला, आत पाच स्लॉट, ज्याला जे कार्ड हवं ते खोचा. मग १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स नावाचं माप ठरवून दिलं : बोर्डाची भोकं कुठे, एसएमपीएसचे स्क्रू कुठे. आज तीस वर्षांनीसुद्धा कुठल्याही कंपनीचा बोर्ड कुठल्याही कंपनीच्या कॅबिनेटमध्ये बसतो तो या मापामुळे. लॅपटॉपला असं सामाईक माप कधी मिळालंच नाही. हल्ली अनेक लॅपटॉपांत तर रॅम बोर्डावरच डिंकवल्यासारखी सोल्डर केलेली असते, आठ घेतलीत तर जन्मभर आठ. लॅपटॉप वाईट असं मी म्हणत नाही, लाईट गेली तर चालतो आणि होस्टेलला नेता येतो. पण कमी बजेटमध्ये घरी बसून काम करायचं असेल तर डेस्कटॉप हे शेणामातीच्या घरासारखं आहे, कुठेही लिंपता येतं.

तर आता सळ्यांकडे वळू. माझ्या मते पैसे खर्चून सोडाव्यात अशा सळ्या दोनच. रॅम आणि डिस्क. बाकीच्या बहुतेक गंजतात.

प्रोसेसरची सळी बघा. 'आज छोटा टाकू, तीन वर्षांनी मोठा' हे ऐकायला छान. पण सॉकेट तोच राहिला पाहिजे ना! २०१५ साली इंटेलचा ११५१ पिनांचा सॉकेट आला. त्यावर सहावी पिढी बसायची, सातवी बसायची. २०१७ मध्ये आठवी पिढी आली, सॉकेटचं नाव तेच ११५१, पिना तेवढ्याच, आणि जुन्या बोर्डावर ती चालत नाही! नवा चिपसेट घ्या म्हणाले. सळ्या सोडलेल्या, आणि वरून कळवलं की आता सिमेंटची जात बदलली. उलट एएमडीचा एएम-४ बघा. २०१६-१७ पासूनचा सॉकेट. सुरुवातीच्या काळात घेतलेल्या बऱ्याच बोर्डांवर २०२२ साली आलेला रायझन ५८०० एक्स-थ्री-डीसुद्धा फक्त बायॉस बदलून चालला. कॅबिनेट तेच, बोर्ड तोच, रॅम तीच आणि मशिन पाच वर्षांनी तरुण. ज्यांनी तो बोर्ड घेतला होता त्यांना तेव्हा हे माहीत होतं का? नव्हतं. कुठला मार्ग किती लांब जाईल हे कंपनीच्या मनात असतं.

सध्या एएमडीचा एएम-५ हा २०२२ मध्ये आलेला सॉकेट आहे आणि २०२७ पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं त्यांनी जाहीर केलंय. म्हणजे कागदावर सर्वात लांब रस्ता हाच. पण त्याला डीडीआर-५ रॅमच लागते आणि बोर्डही महाग. प्रवेशाचा टोलच इतका, की चाळीस हजारांतला माणूस आत शिरल्यावर त्याच्या खिशात पुढे जायला पेट्रोल उरत नाही. इंटेलचा १७०० पिनांचा सॉकेट म्हणाल, तर त्यावर बारावी, तेरावी, चौदावी अशा तीन पिढ्या बसतात आणि पुढचा रस्ता बंद, नवा सॉकेट २०२४ मध्येच आला. एएम-४ चंही तसंच. पण कमी पैशांच्या माणसाने 'बंद रस्ता' या शब्दाला घाबरू नये असं मला वाटतं. रस्ता बंद झाला असला तरी त्या रस्त्यावर दुकानं भरपूर असली म्हणजे झालं. ज्या सॉकेटचे ढिगाने प्रोसेसर विकले गेले, त्याचे मोठे प्रोसेसर पुढची काही वर्षं सेकंडहँडमध्ये मिळतच राहणार. आज आय थ्री १२१०० घेणाऱ्याला उद्या कुणीतरी काढून टाकलेला आय फाइव्ह मिळेल. मिळाला तर उत्तम. पण त्या आशेवर आज बोर्डाला जास्तीचे पाच हजार घालू नयेत.

ग्राफिक कार्डाची सळी तर सर्वात महाग. स्लॉट असतोच, त्याचे पैसे पडत नाहीत. पण 'पुढे कार्ड टाकायचं' म्हणून आजच साडेसातशे वॅटचा एसएमपीएस, मोठं कॅबिनेट, जाड बोर्ड घेतलेली आणि मग कार्ड कधीच न आलेली मशिनं मी बघितली आहेत. २०२०-२१ मध्ये क्रिप्टोवाल्यांनी आणि टंचाईने कार्डांचे भाव असे चढवले होते की लोक नुसता रिकामा स्लॉट बघत बसले.

यावरून एक गोष्ट सांगावीशी वाटते. अपग्रेडच्या सगळ्या विचाराखाली एक समजूत दडलेली असते, की कंप्युटरची वस्तू थांबलं की स्वस्त होते. वर्षानुवर्षं ते खरं होतं, म्हणून आपल्या अंगवळणी पडलं. पण ते नेहमी खरं नसतं. २०११ मध्ये थायलंडला पूर आला, तिथले हार्ड डिस्कचे कारखाने पाण्यात गेले आणि इकडे डिस्कचे भाव दुप्पट झाले. आणि २०२५ च्या अखेरीस रॅमचं जे झालं ते तर बघितलंतच. एआयच्या डेटा सेंटरांना मेमरी लागते, कारखान्यांनी माल तिकडे वळवला आणि आपल्यासारख्यांच्या डीडीआर-५ च्या पट्ट्या काही महिन्यांत दुपटीहून महाग झाल्या. क्रुशिअल या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम विकणाऱ्या मायक्रॉनने डिसेंबर २०२५ मध्ये हा धंदाच बंद करत असल्याचं जाहीर केलं. जुनी डीडीआर-४ घ्यावी तर तीही, कारखाने ती बनवणं आवरतं घेताहेत म्हणून, महागलेली. 'आज आठ जीबी घेऊ, पुढच्या वर्षी स्वस्तात आठ टाकू' असा हिशेब ज्यांनी केला, त्यांचा हिशेब चुकला तो त्यांच्या अडाणीपणामुळे नाही.

म्हणून रॅमबद्दल माझं म्हणणं असं, की आजच्या कामाला जेवढी लागते तेवढी आजच घ्यावी, पण एकाच पट्टीत. स्वस्त बोर्डावर रॅमच्या खाचा दोनच असतात. आठ-आठच्या दोन पट्ट्या टाकल्या तर वेग थोडा जास्त मिळतो हे खरं (बोर्डावरच्याच ग्राफिक्सवर काम करणाऱ्याला तो जाणवतो), पण दोन्ही खाचा भरल्या, सळ्या कापल्या. १६ ची एक पट्टी टाकली तर दुसरी खाच रिकामी राहते आणि भाव उतरले की तिथे दुसरी बसते. नाही उतरले तर अडत नाही. हा झाला फुकटचा कॉलम. डिस्कचंही तसंच. एक एनव्हीएमई एसएसडी टाकली तरी साटाची दोन-चार पोर्टं मोकळी असतात, जुनी हार्ड डिस्क असली तर लावून टाकायची.

आता जुन्या मालाकडे. हिंजवडी आमच्याच तालुक्यात येते, हे पुण्यातल्या लोकांनासुद्धा सांगावं लागतं. राजीव गांधी इन्फोटेक पार्क मुळशी तालुक्यात आहे, ज्याचं मुख्य ठिकाण पौड. तिथल्यासारख्या कंपन्या काही वर्षांनी मशिनं बदलतात. ती लॉटने व्यापाऱ्यांकडे जातात आणि पुसून-झाडून 'रिफर्बिश्ड' नावाने बाजारात येतात. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा त्यापुढचीच लागते, म्हणून सहाव्या-सातव्या पिढीच्या मशिनांना कंपन्यांच्या लेखी किंमत उरली नाही. ही मशिनं मजबूत असतात, वर्षानुवर्षं न कुरकुरता चालतात. कुणाला नुसतं टायपिंग, इंटरनेट, मुलांचा अभ्यास एवढंच करायचं असेल तर सहाव्या पिढीच्या अशा मशिनवर लिनक्स टाकून द्यावं आणि उरलेले पैसे घरात ठेवावेत. ते पैसे हीच त्याची सळी.

पण रिफर्बिश्ड घेताना एक बघा. ती मशिनं कंपनीसाठी बनवलेली, वाढवण्यासाठी नव्हे. डेलच्या ऑप्टिप्लेक्सच्या किंवा एचपीच्या ऑफिस मशिनांच्या अनेक मॉडेलांत बोर्डाला वीज देणारा कनेक्टर बाजारातल्या २४ पिनांचा नसतो, सहा किंवा आठ पिनांचा त्यांचा स्वतःचा असतो. एसएमपीएस जळाला तर गल्लीतला कुठलाही टाकता येत नाही, त्याच जातीचा शोधावा लागतो. बोर्डाचा आकारही एटीएक्सचा नसतो, त्यामुळे कॅबिनेट बदलणं विसरा. आणि बारकं, आडवं 'स्मॉल फॉर्म फॅक्टर' खोकं असेल तर त्यात कमी उंचीचंच कार्ड बसतं. हातभर टॉवर आणि हे बारकं खोकं यांच्या किमतीत फार फरक नसतो, तेव्हा जागा असेल तर टॉवरच घ्यावा. अगदी तळहाताएवढी मशिनं दिसायला गोड असतात, पण ती मशिनं म्हणजे बिनकॉलमचं घर.

एसएमपीएसबद्दल थोडं जास्तच लिहिणार आहे, कारण कोटेशनमध्ये सर्वात कमी अक्षरं त्याच्या वाट्याला येतात. 'एसएमपीएस ५०० वॅट' संपलं. स्टिकरवर ५०० लिहायला शाईशिवाय काही लागत नाही. बरा एसएमपीएस ओळखायचा तर कंपनीचं नाव, ८० प्लसचा शिक्का, तीन ते पाच वर्षांची वॉरंटी आणि हातात घेतल्यावर वजन. ऑफिस किंवा कॅडच्या कामाचं, वेगळं ग्राफिक कार्ड नसलेलं मशिन शंभर वॅटच्या आसपास किंवा त्याखालीच वीज खातं. त्याला ४५० वॅटचा खरा एसएमपीएस पोटभर पुरतो आणि पुढे मध्यम कार्ड आलंच तरी निभावतो. ५०० चा खोटा मात्र एका उन्हाळ्यात स्वतः जातो आणि जाताना बोर्ड घेऊन जातो. मग अपग्रेड कसलं, तेरावंच. जास्तीचे दीड-दोन हजार कुठे घालायचे असतील तर ते इथे.

आणि इथून पुढे विषय खास आमच्या मुलखाचा. पुण्यामुंबईतले सल्ले देणारे लोक विजेबद्दल बोलत नाहीत, त्यांना लागत नाही. मुळशी धरणाचं पाणी सह्याद्रीपलीकडे भिऱ्याला उतरवतात, त्यावर वीज होते आणि ती मुंबईच्या दिशेने जाते. १९२१ ते १९२४ सेनापती बापट आणि मावळचे शेतकरी ज्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला बसले होते तेच हे धरण. त्याच तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर पावसाळ्यात वारं सुटलं की लाईट जाते, येताना झटका मारत येते, असा हा उफराटा न्याय. असो, तो वेगळा लेख होईल. सांगायचं म्हणजे यूपीएस ही आमच्याकडे चैन नाही. ६०० व्हीएचा साधा यूपीएस काम सेव्ह करून मशिन नीट बंद करायला पुरतो. त्यातली बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच धरून ठेवावा.

त्याहून महत्त्वाचं अर्थिंग. कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर बहुधा तुमच्या घरात अर्थिंग नाही. एसएमपीएसच्या आत विजेतला कचरा गाळायला कपॅसिटर बसवलेले असतात, ते तो कचरा अर्थच्या तारेत सोडतात. तारच पुढे कुठे जात नसेल तर तो पत्र्यावर साचतो. माणसाला झिणझिणी येऊन भागतं, पण मॉनिटरची केबल, पेन ड्राइव्ह खोचताना एखादवेळी पोर्टच जातं. बोर्डात तीन भोकांची पिन आहे म्हणजे अर्थिंग आहे असं नाही, तिसऱ्या भोकामागे कित्येकदा तारच नसते. वायरमनला बोलावून मीटर लावून घ्या. फेज आणि अर्थमध्ये २३० च्या जवळपास आलं पाहिजे आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जेमतेम एक-दोन व्होल्ट. नसेल तर खड्डा घेऊन, पट्टी पुरून, मीठ-कोळसा घालून अर्थिंग करून घ्या, उन्हाळ्यात त्यात पाणी घालत चला. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हा खर्च कंप्युटरच्या चाळीसात धरायचा का वेगळा?" मी म्हटलं, चाळीसातच. दिव्यांचे पंखे काढले की निघतात तेवढे पैसे.

दमटपणा हाही आपल्याकडचाच. ताम्हिणीच्या बाजूच्या गावांत जुलैमध्ये भिंतीला हात लावला तर हात ओला होतो. मशिन जमिनीवर ठेवू नका, भिंतीला चिकटवू नका आणि पावसाळ्यात काम नसलं तरी दिवसाआड अर्धा तास चालू ठेवा, आतलं वारं गरम होऊन ओल उडते. मशिन चालू होऊन नुसतं बीप-बीप करत असेल तर पाहिलं काम म्हणजे वीज बंद करून रॅम काढायची, तिचे सोनेरी दात शाळेच्या खोडरबराने हलके पुसायचे आणि परत बसवायची. निम्म्या वेळा दुरुस्ती एवढीच असते आणि त्याचे तीनशे रुपये घेणारे लोक आहेत. काचेचं कॅबिनेट मला आवडत नाही याचं कारणही इथलंच आहे, पुढची बाजू काचेने बंद केली की हवा आत येत नाही. जाळीचं घ्यावं, आणि पावसाळ्याआधी मुंग्या झाडाव्यात. मुंग्यांना एसएमपीएसची ऊब फार प्रिय.

आणखी एक खर्च कोटेशनमध्ये कधीच लिहिलेला नसतो. तो म्हणजे खेप. पौडच्या पलीकडच्या माणसाने बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या परिसरात जायचं म्हणजे एक खाडा. पिरंगुटच्या कंपनीत रोजावर असलेल्या माणसाचा खाडा म्हणजे एका दिवसाचा पगार, वर गाडीभाडं. पट्टी बसली नाही, चुकीची निघाली, तर दुसरा खाडा. शहरातल्या मुलाला अपग्रेड म्हणजे दुपारची करमणूक असते, फोनवर मागवलं, युट्यूब बघून लावलं. आमच्याकडे ते मशिन पोत्यात घालून बसमधून न्यायचं असतं. म्हणून मी म्हणतो, जे अपग्रेड घरच्या घरी एका स्क्रू-ड्रायव्हरने करता येईल तेवढंच खरं, बाकीचं कोटेशनमधलं. रॅम आणि डिस्क घरी होतात. प्रोसेसर कुणीतरी एकदा दाखवलं की होतो. बोर्ड बदलणं म्हणजे नवीन मशिन घेणंच.

याच कारणासाठी पक्कं बिल घ्यावं. 'बिल नको असेल तर अठरा टक्के वाचतील' असं दुकानदार हळूच म्हणतो आणि कमी पैशांच्या माणसाला तो मोह पडणं साहजिक आहे. पण प्रोसेसर आणि बोर्डाला साधारण तीन वर्षांची वॉरंटी असते. बिल नसेल तर वॉरंटीसाठी दुकानदाराच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. जिथे एकेक खेप एका दिवसाच्या पगाराची, तिथे तीन वर्षांची वॉरंटी ही अठरा टक्क्यांपेक्षा मोठी रक्कम आहे.

शेवटी काकांच्या घरी बसून आम्ही तिघांनी नवं कोटेशन मांडलं. आय थ्री १२१००, डीडीआर-४ चा साधा बोर्ड, पण एम-टूची खाच असलेला. १६ ची एकच पट्टी. ५०० जीबीची एसएसडी. ४५० चा नाव असलेला एसएमपीएस. जाळीचं, बिनदिव्याचं कॅबिनेट. मॉनिटर मात्र जुना, कुठल्यातरी कंपनीने काढलेला, बावीस इंची. मॉनिटर जुना घ्यायला मी कधीच कचरत नाही, त्याचं वय लपत नाही. पांढरा आणि काळा पडदा लावून बघितला की डाग, रेघा लगेच दिसतात. यूपीएस नवा. अर्थिंगचे पैसे बाजूला. चाळीसात बसलं, पण घासून, आणि रॅमने सर्वात जास्त खाल्लं.

मुलगी एवढा वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "काका, यात पुढं गेमसाठी कार्ड टाकता येईल?" काकांनी तिच्याकडे असं बघितलं, की मीच घाईघाईने म्हटलं, स्लॉट आहे, एसएमपीएसही मध्यम कार्डापुरता पुरेल, पण नोकरी लागल्यावर स्वतःच्या पैशाने. ती म्हणाली, "मग बोर्ड बसवताना मी पण येते दुकानात. मला बघायचंय कसं बसवतात." काका म्हणाले, "शनिवारी जाऊ, माझी सुट्टी आहे."